टाकीपासून जेटपर्यंत: घाटघरमधला एक दिवस

सकाळी ६.००

घाटघरच्या कामाला निघताना पिशवी मी यादी करूनच भरतो. जुन्नरपासून घाटघर सुमारे तीस किलोमीटर. एखादं वायसर विसरलं तरी अख्खा दिवस वाया जातो. आठ, दहा, बारा आणि चौदाचे पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, पकड, प्लगपाना, सायकलचा हातपंप. पेट्रोलची नवी नळी, क्लिपा, छोटा फिल्टर, फ्लोटची निडल, पेट्रोल कॉकचं रबरी वायसर, कार्बोरेटरच्या रिंगा. धुऊन वाळवलेलं सुती फडकं, झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि खुणा असलेली औषधाची काचेची बाटली. जुन्या गाडीच्या पेट्रोलचं दुखणं शोधताना मी सगळ्यात जास्त विश्वास या बाटलीवर ठेवतो.

ऑक्टोबर लागला, पाऊस उघडला, की घाटमाथ्याच्या गावांतून निरोप यायला लागतात. कालचा फोन असा होता: "मिस्तरी, गाडी किकला चालू होते, दोन-तीन किलोमीटर जाते, चढाला गचके मारून बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की परत चालू."

गिऱ्हाईक एवढं नीट सांगत असेल तर अर्धं निदान फोनवरच होतं. थांबल्यावर गाडी आपोआप चालू होते, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय, पण इंजिन पितंय त्यापेक्षा कमी वेगाने. उभ्या गाडीत फ्लोट चेंबर हळूहळू भरतो, चालत्या गाडीत तो रिकामा होत जातो.

सकाळी ७.००

आपटाळे सोडलं की डोंगर जवळ येतात. चावंडचा कातळ मागे पडतो, मग पूर गावाचा फाटा. तिथल्या कुकडेश्वराच्या परिसरात कुकडी उगम पावते. भात पिवळं पडलंय, काही खाचरांत कापणीही सुरू झाली आहे. पुढे जीवधन दिसायला लागला की घाटघर आलंच. किल्ल्याच्या पायथ्याचं आणि नाणेघाटाच्या तोंडाशी वसलेलं हे गाव.

दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात याच नाणेघाटातून जुन्नरचा माल कोकणातल्या बंदरांकडे उतरायचा. राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही घाटात आहे. आताची गावाची ये-जा मात्र जुन्नरच्या दिशेने असते. मोठा दवाखाना, तहसील कचेरी, बाजार, खत आणि पेट्रोल, सगळं तिकडेच. उन्हाळ्यात बाळहिरडा वाळला की त्याची पोतीही जुन्नरच्या बाजारात जातात. एसटीची वेळ चुकली तर घरातली मोटारसायकल हाच आधार. म्हणून इथली गाडी बंद पडते तेव्हा घरातल्या चार माणसांची कामं अडतात.

सकाळी ८.३०

गाडी आहे हिरो होंडाची सीडी १०० एसएस, १९९० च्या दशकातली. हिरो आणि होंडा १९८४ मध्ये एकत्र आले आणि १९८५ मध्ये हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यातून त्यांची पहिली सीडी १०० बाहेर पडली. ९७.२ सीसीचं हे चार स्ट्रोकचं इंजिन त्या काळात एका लिटरमध्ये इतकं पळायचं की खेड्यापाड्यांत मोटारसायकल परवडू लागली. ही गाडी घाटमाथ्यावरचा इतक्या वर्षांचा पाऊस सोसून उभी आहे. तिच्या इंजिनात अजून दम आहे, हे किकच्या वजनावरूनच कळतं.

मालक साठीच्या पुढचे बाबा. सोबत त्यांचा नातू, जुन्नरला कॉलेजात जाणारा. पाना काढण्याआधी मी विचारायला बसतो.

"बाबा, बंद पडते तेव्हा फटकन पडते की हळूहळू?"

"हळूहळू. आधी ओढ जाती, मग फुस्स्-फुस्स् करती, मग थांबती."

"बंद पडायला लागली की चोक ओढून पाहिलात?"

"हां, नातवानं ओढला होता. तेवढ्यापुरती पळाली."

ही दोन उत्तरं फार मोलाची. स्विच बंद केल्यासारखी गाडी फटकन थांबली तर आधी करंट पाहावा: कॉइल, प्लग, वायर. धाप लागल्यासारखी थांबली आणि चोक ओढल्यावर क्षणभर उचलली, तर पेट्रोल कमी पडतंय. चोक हवा कमी करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं, आणि तेवढ्यावर ती पळते.

तिसरा प्रश्न: "कॉक कुठे असतो? ऑनवर की रिझर्व्हला?"

"रिझर्व्हलाच. पेट्रोल लिटर-लिटर आणतो ना."

हे उत्तर मी मनात जपून ठेवलं. पुढे तेच खरं ठरलं.

सकाळी ९.००

गाडी अंगणातून बाहेर, चुलीपासून लांब, मोकळ्यावर घेतली. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. चूल दहा पावलांवर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बिडी-काडी लांब, फोन खिशात, पोरं मागे, आणि एक बादली माती जवळ. एवढं झाल्याशिवाय मी नळी सोडत नाही.

आता क्रम. पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने मी जातो: झाकण, टाकी, कॉकची जाळी, कॉक, नळी, निडल, फ्लोट चेंबर, जेट. पुष्कळ जण गाडी बंद पडली की थेट कार्बोरेटर उघडतात, कारण तो हाताशी असतो. त्यात कचरा सापडतो, तो साफ होतो, गाडी दोन दिवस चालते आणि पुन्हा तोच कचरा वरून उतरतो. वरचं तपासल्याशिवाय खालचं उघडू नये, हा माझ्या कामाचा पहिला नियम.

झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. मातीने किंवा किड्याने ते बुजलं तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल अडतं. याची परीक्षा सोपी: गाडी बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष झाकणाचा. नातवाने हे करून पाहिलं होतं, फरक पडला नव्हता. मी फुंकून पाहिलं, छिद्र मोकळं होतं. झाकणाचं रबर मात्र तडकलेलं, आणि टाकीच्या तोंडाशी आतून तांबूस कड. पावसाचं पाणी इथून आत गेलं असणार.

सकाळी ९.३०

आता बाटली. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली, कॉक रिझर्व्हला केला आणि नातवाला घड्याळ धरायला सांगितलं.

किती पेट्रोल यायला हवं, याचा हिशेब कुणालाही करता येतो. गाडी लिटरला ६० किलोमीटर देते आणि ताशी ५० ने चालते असं धरा. तासाला लागलं साधारण ८३० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला १४ मिलिलिटर. मागे माणूस, पुढे पोतं आणि चढ असला तर याच्या दुपटी-तिपटीने. निरोगी कॉकमधून येणारी धार याहून कितीतरी जास्त असते. शंभर मिलिलिटरची बाटली मिनिटाच्या आत भरली तर कॉकपर्यंतची वाट ठीक समजावी.

इथे पहिले चार-पाच सेकंद बरी धार आली, मग बारीक झाली, मग थेंब. मिनिट संपलं तेव्हा बाटलीत दहाच्या खुणेपर्यंतही पेट्रोल नव्हतं. झाकण उघडं ठेवून पुन्हा पाहिलं, तेच. कॉक ऑनवर केला तर काहीच नाही, कारण टाकीतली पातळीच तितकी नव्हती.

सुरुवातीला धार आणि मग थेंब, ही खूण ओळखून ठेवण्याजोगी आहे. जाळीभोवतीचा गाळ पेट्रोल वाहायला लागलं की जाळीवर दाटतो, आणि प्रवाह थांबला की पुन्हा सैल होतो. गाडी थांबल्यावर परत चालू का होते, याचं दुसरं कारण इथे मिळालं.

बाटली उन्हात धरली. वर फिकट पेट्रोल, तळाला वेगळा थर आणि त्यात विटकरी कण. पाणी आणि गंज, दोन्ही.

सकाळी १०.००

सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट सोडला आणि टाकी मागे ओढून उचलली. सगळं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढलं आणि कॉक टाकीपासून सोडवला.

कॉकला टाकीच्या आत दोन वाटा असतात. ऑनची नळी उंच उभी असते, ती वरचं स्वच्छ पेट्रोल घेते. रिझर्व्हची वाट तळाशी असते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, गंजही जड, दोन्ही तळाशीच बसतात. जो माणूस लिटर-लिटर पेट्रोल आणतो त्याची गाडी कायम तळाचंच पिते. शिवाय टाकी नेहमी रिकामी राहिली तर आतला पत्रा ओलसर हवेत उघडा पडतो. घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने ही हवा पाण्याने जडच असते. रात्री पत्रा गार पडतो, आत दव धरतं, थेंब खाली ओघळतात आणि गंज चढतो.

यात बाबांचा काय दोष? पंप तीस किलोमीटरवर आणि हातात रोकड मोजकी. गाडीही वाईट नाही. अंतर, पाऊस आणि कायमचा रिझर्व्ह या तिघांनी मिळून हे दुखणं आणलं आहे, आणि या भागातल्या कित्येक जुन्या गाड्यांत मला तेच सापडतं.

रिझर्व्हच्या बाजूची जाळी चिखलासारख्या गाळाने लिंपलेली होती. कॉकमधलं भोकांचं रबरी वायसरही फुगून त्याची भोकं आवळली होती. जाळी मऊ ब्रशने धुतली, वायसर नवं घातलं.

सकाळी ११.००

टाकीत मूठभर स्वच्छ लहान नट आणि अर्धा लिटर चांगलं पेट्रोल घातलं, तोंड आणि कॉकचं भोक बंद केलं. मग नातवाने आणि मी आळीपाळीने टाकी हलवली. सैल गंज निघतो तो असा. पेट्रोल काढायचं, पाहायचं, पुन्हा थोडं नवं घालायचं. उतरणारं पेट्रोल स्वच्छ दिसेपर्यंत हे चालतं. घातलेले नट मोजून ठेवायचे आणि तितकेच बाहेर आले का ते पाहायचं.

घट्ट बसलेला गंज याने जात नाही. त्याला लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर भरून ठेवावं लागतं, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी पूर्ण कोरडी करून लगेच तेलाचा हात द्यावा लागतो. बाबांना सांगून ठेवलं की भात घरात आलं की टाकी दोन दिवसांसाठी जुन्नरला पाठवा.

गढूळ पेट्रोल डब्यात बंद करून मी परत नेतो. ते ओढ्यात किंवा खाचराच्या बांधावर ओतायचं नाही. इथलं पाणी कुकडीला मिळतं आणि खाली माणिकडोहच्या धरणात जातं. वर सांडलेलं तेल खालची गावं पितात.

टाकी उन्हात पालथी ठेवली.

दुपारी १२.३०

भाकरी, वालाची भाजी आणि ठेचा. जेवताना नातवाने विचारलं, "काका, हे पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, त्याने असं होतं का?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर नीट द्यायला हवं. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत गेलं. २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून मोजक्या पंपांवर मिळू लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात सामावतं आणि ते इंजिनातून जळून निघून जातं. पाणी त्यापुढे गेलं की मात्र इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. हा थर जळत नाही आणि पत्रा व कार्बोरेटरचा धातू खातो. जुन्या गाड्यांची रबरंही या पेट्रोलसाठी बनवलेली नव्हती. काही फुगतात, काही कडक होऊन तडकतात.

पण म्हणून जुनी गाडी विकायची गरज नाही. पाणी आत जाऊ द्यायचं नाही आणि रबराचे भाग नव्या पेट्रोलला टिकणारे घालायचे.

त्याला एक परीक्षा करून दाखवली. खुणांच्या बाटलीत दहा भाग पेट्रोल आणि दोन भाग पाणी घालून हलवायचं आणि थांबायचं. इथेनॉल पाण्याकडे जातं आणि खालचा थर वाढतो. दोन भागांचे जवळजवळ चार झाले, तर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल आहे. उरलेलं मिश्रण गाडीत घालायचं नाही, ते गढूळ पेट्रोलच्या डब्यात जातं.

दुपारी १.१५

आता कार्बोरेटर. वरची वाट साफ झाल्यावरच त्याची पाळी. दहाच्या पान्याने दोन बोल्ट सोडले, वरची टोपी फिरवून केबलसह स्लाइड काढली. खाली फडकं पसरलं, कारण इथला एक स्क्रू गवतात पडला तर संध्याकाळ त्यातच जाते.

फ्लोट चेंबर उघडला. तळाला पाण्याचे गोल थेंब आणि गंजाची भुकटी. फ्लोट काढून कानाशी हलवला, आत पेट्रोल खळखळलं नाही, म्हणजे तो फुटलेला नाही. निडलच्या टोकावर गोल खाच पडलेली. अशी निडल कधी अडकून पेट्रोल थांबवते, तर कधी नीट न बसून वाहू देते. ती बदलली.

मग जेट. मेन जेट बुजला तर गाडी उभ्या जागी चालते पण रेस घेत नाही. पायलट जेट बुजला तर चोकशिवाय चालू राहत नाही आणि रेस सोडली की बंद पडते. पायलटचं भोक केसाएवढं असतं. त्यात तार किंवा सुई घालण्याचा मोह आवरावा. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल खाते. पेट्रोलमध्ये भिजवायचं, हवा मारायची आणि उजेडाकडे धरून पाहायचं. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. इथे कॉम्प्रेसर नसतो, पण सायकलच्या पंपाला बारीक नळी लावली की काम होतं. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून ठेवायचं आणि बसवताना तितकेच फेरे सोडायचे.

जोडल्यावर निडलची परीक्षा: नव्या नळीचा तुकडा लावून तोंडाने फुंकायचं. कार्बोरेटर सरळ धरला की हवा आत जायला हवी, उलटा धरला की अडायला हवी. दोन्ही झालं.

दुपारी २.४५

टाकी कोरडी झाली होती. कॉक बसवला, ऑनच्या पातळीच्या वर येईल इतकं चांगलं पेट्रोल भरलं, झाकणाला नवं रबर, नवी नळी. नळी इंजिनाच्या सिलेंडरपासून लांब आणि कुठेही न दुमडता उतारानेच खाली यायला हवी. या गाडीत पंप नाही, पेट्रोल केवळ आपल्या वजनाने उतरतं. मध्ये छोटा फिल्टर घातला, म्हणजे राहिलेला गंज तिथेच अडेल आणि बाहेरून दिसेल.

पुन्हा बाटली आणि पुन्हा घड्याळ. शंभरची खूण मिनिटाच्या आत आली. नातवाने स्वतः मोजलं. मग नळी कार्बोरेटरला जोडून चेंबरचा खालचा स्क्रू सैल केला आणि तिथूनही सलग धार येते का ते पाहिलं. निडल आणि तिची बैठक मोकळी आहे, हे यावरून कळतं.

दुपारी ३.१५

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. अंगणात चांगली चालणारी गाडी बरी झाली असं मी धरत नाही. दुखणं ओझ्याच्या चढावरचं होतं, तेव्हा परीक्षाही तिथेच. नातू मागे, पुढे भाताचं अर्धं पोतं. चावंडच्या रस्त्यावर गेलो आणि वाटेतला चढ दोनदा चढलो, एकदा ऑनवर, एकदा रिझर्व्हवर. गचका नाही, ओढ कमी नाही. परत येऊन प्लग काढला. पेट्रोल कमी पडत असताना तो पांढरा आणि कोरडा होता. आता विटकरीकडे झुकतोय.

दुपारी ४.१५

शेजारची एक स्प्लेंडर वाट पाहत होती. तिचं उलट: ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत होतं. निडलखाली कण अडकला होता, चेंबर उघडून धुतला. अशा वेळी इंजिनातलं ऑइल जरूर पाहावं. रात्रभर वाहिलेलं पेट्रोल आत उतरतं आणि ऑइल पातळ करतं. पट्टीवर पातळी वाढलेली दिसली, वास पेट्रोलचा आला, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. या गाडीचं ऑइल ठीक होतं.

संध्याकाळी ५.००

निघण्याआधी नातवाला सगळा क्रम वहीत लिहून घ्यायला लावला. काही जण म्हणतात, पोरांना शिकवलंस तर तुझा धंदा बुडेल. मला ते पटत नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. इंजेक्शनच्या गाड्या धूर कमी करतात, पेट्रोल वाचवतात, चांगल्याच आहेत. पण त्या बिघडल्या तर स्कॅनर लागतो, तालुका गाठावा लागतो. कार्बोरेटरची गाडी चार पाने आणि एका बाटलीवर गावातच उभी राहते. हे ज्ञान पुढच्या पिढीकडे गेलं नाही, तर चांगली इंजिनं नुसत्या गाळापायी भंगारात जातील.

तुमच्याही अंगणात अशी जुनी गाडी असेल तर एवढं करा. महिन्यातून एकदा तरी ऑनच्या पातळीवर पेट्रोल भरा. पावसाळ्याआधी झाकणाचं रबर पाहा. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून, कॉक बंद करून, चेंबरमधलं पेट्रोल काढून ठेवा, आणि पंधरा दिवसांनी एकदा चालू करा. आणि चढावर गाडी धापा टाकून थांबली, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी नळी बाटलीत सोडा आणि मिनिटभर घड्याळाकडे पाहा. कुठून शोधायला लागायचं हे तेवढ्यानेच कळतं.